'सेव्र'च्या फुलदाण्या ४,८०० युरोंना घ्याव्यात का?

ताई, तुमचं पत्र दोनदा वाचलं. पॅरिसजवळ भाड्याचं घर, दोघांची नोकरी, चार वर्षांची लेक, बँकेत १४,००० युरो, महिन्याचा खर्च २,६००. जुन्या वस्तूंच्या दुकानात गर्द निळ्या, सोनेरी काठाच्या फुलदाण्यांची जोडी मनात भरलीय. दुकानदार ४,८०० मागतोय आणि म्हणतोय, घराला शोभा येईल, वर गुंतवणूकही होईल.

या किमतीला घेऊ नका.

तुम्ही पाठवलेल्या माहितीपत्रात 'दाँ ल गू द सेव्र' असं लिहिलंय, म्हणजे सेव्र या राजाच्या नामांकित चिनीमातीच्या (पोर्सलीन) कारखान्याच्या धाटणीचं. फ्रान्समध्ये १९८१च्या सरकारी नियमानुसार 'धाटणीचं' किंवा 'शैलीतलं' म्हटलं की कर्त्याची नि काळाची कसलीच हमी उरत नाही. कागद खरं बोलतोय; गुंतवणुकीची गोष्ट फक्त तोंडी आहे.

आता तळाचा फोटो बघा. एकमेकांत गुंतलेले दोन 'एल', म्हणजे सेव्रचा शिक्का, आणि मधे 'ए'. अक्षरानं साल दाखवायची ही पद्धत १७५३मध्ये सुरू झाली आणि 'ए' म्हणजे तेच पहिलं साल. तेव्हा कारखाना पॅरिसजवळच्या व्हँसेन गावी होता, सेव्रला तो १७५६मध्ये गेला. माहितीपत्रात मात्र 'कठीण पोर्सलीन' म्हटलंय. त्याला लागणारी केओलिन ही पांढरी माती फ्रान्समध्ये लिमोज शहराजवळ सापडली १७६८च्या सुमारास. म्हणजे शिक्का आणि माती यांचा मेळच बसत नाही. एकोणिसाव्या शतकात अनेक कारखान्यांनी हे दोन 'एल' आपल्या मालावर सर्रास उमटवले. जोडी देखणी असेल, शंभर वर्षं जुनीही असेल, पण राजाच्या कारखान्याची किंमत तिला देऊ नये.

विकायची वेळ आली तर? लिलावात ४,८००ची बोली आली आणि विक्रेत्याची दलाली १५ टक्के धरली, तर तुमच्या हातात ४,०८०. घातलेले पैसे परत मिळायला बोली ५,६५०च्या घरात जायला हवी. पण विक्री ५,०००च्या वर गेली की विक्रीच्या रकमेवर ६.५ टक्के कर लागतो, नफा झालेला असो वा नसो. खरेदीची तारीख व किंमत दाखवणारी पावती असेल तर नफ्यावर कर भरायचा दुसरा मार्ग निवडता येतो, म्हणून काहीही घेतलं तरी पावती सोडू नका.

माझी खरी काळजी वेगळी आहे. सहा महिन्यांचा खर्च १५,६०० होतो आणि तुमच्याकडे त्याहून कमी शिल्लक आहे. यातून ४,८०० काढले तर उद्या दोघांचीही कमाई थांबल्यास साडेतीन महिनेच निघतील. आधी 'लिव्रे आ' या सरकारी हमीच्या बचत खात्यात सहा महिन्यांच्या खर्चाएवढी रक्कम होऊ द्या.

आजीच्या फडताळातल्या चिनीमातीच्या बरण्यांची आठवण तुम्ही लिहिलीत, ती मला भावली. ती हौस मारू नका. रविवारच्या जुन्या बाजारात हातानं रंगवलेली लिमोजची एखादी बशी पाहा. १५० युरोंच्या आत बसवा, भिंतीवर उंच लावा, लेकीचा हात पोचणार नाही. तळावर 'फ्रान्स' हा शब्द असेल तर ती बहुधा १८९१नंतरची, हेही ध्यानात ठेवा.

तरीही जोडीवरून मन निघत नसेल, तर दुकानदाराला एवढंच विचारा: पावतीवर कारखान्याचं नाव आणि साल लिहून देता का? त्यानं लिहून दिलं, तर पैसे देण्याआधी त्या पावतीचा फोटो मला पाठवा.