‘टोड’ म्हणजे बेडूक?

प्रश्न : ब्रिटनच्या ग्रेट वेस्टर्न रेल्वेच्या ब्रेक व्हॅनला (मालगाडीच्या शेवटच्या, गार्डच्या डब्याला) ‘टोड’ का म्हणत? तिला व्हरांडा एकाच टोकाला का?

उत्तर : नाव तारेतून आलं. तारेत शब्द वाचवायचे म्हणून त्या रेल्वेनं वाघिणींना (मालडब्यांना) सांकेतिक नावं दिली होती. बंद वाघीण ‘मिंक’, खोलगट अवजड वाघीण ‘क्रोकोडाइल’, तशी ब्रेक व्हॅन ‘टोड’.

तेव्हाच्या बहुतेक मालगाड्यांत गाडी चालू असताना लावता येणारे ब्रेक दोनच ठिकाणी : इंजिनाला आणि शेवटच्या या व्हॅनला. मधल्या वाघिणी सैल साखळ्यांनी जोडलेल्या. उतारावर गार्ड हातचाक फिरवून शेपूट ताणून धरायचा, नाहीतर झटक्यानं साखळी तुटायची. म्हणून व्हॅन मुद्दाम जड, पुढच्या काळात २० टनांची.

व्हरांडा एकाच बाजूला, कारण दुसऱ्या बाजूला शेगडीची खोली. पण हातचाक होतं उघड्या व्हरांड्यात! इंग्लंडमधल्या डिडकॉटच्या रेल्वे केंद्रात, म्हणजे जुन्या रेल्वेगाड्यांच्या संग्रहालयात, मी त्या चाकाला हात लावला. लोखंड बर्फासारखं गार. जानेवारीच्या रात्री तिथं उभ्या राहणाऱ्या गार्डबद्दल मला फार आदर वाटतो.

१९६८ नंतर सर्व वाघिणींना ब्रेक असलेल्या गाड्यांत गार्ड इंजिनात बसू लागला.