लीड क्लाइंबिंगमध्ये मुलींना वाटणारी पडण्याची भीती मानसिक ट्रेनिंगने जाते का?

जाते. पण आधी सांगा, तुम्हाला बिले कोण देतं, म्हणजे खालून दोर कोण सांभाळतं? आणि त्याचं वजन किती?

मी फोंड्याची. चढायचं म्हटलं की आम्ही अनमोड घाट ओलांडून बदामी गाठतो. तिथल्या लाल दगडावर पहिल्यांदा लीड करताना, म्हणजे दोर वर आधीच न बांधता खडकात ठोकलेल्या बोल्टांमध्ये अडकवत चढताना, चौथ्या बोल्टच्या वर माझा पाय सटकला. बिलेला चुलत भाऊ, वजन 85 किलो; मी 48. मला धीर यावा म्हणून त्याने दोर गच्च आवळलेला आणि स्वतः खांबासारखा उभा. झोका घेऊन मी थेट भिंतीवर आदळले. घोटा एवढा सुजला की बुटाच्या नाड्या कापाव्या लागल्या.

पुढचे आठ महिने बोल्ट कमरेखाली गेला की माझ्या तोंडून "टेक!" (दोर ताणून धर) निघायचं. भावाचं निदान तयार: "बायकांचं मनच कच्चं गे. आपला पाडेली बघ, कमरेला दोर न बांधता माडावर चढतो." अरे, पाडेली जन्मभर न पडायला शिकतो, कारण त्याला दुसरी संधी नाही. लीड करणाऱ्याला पडायलाच शिकावं लागतं.

ते शिकवलं बेळगावच्या एका मैत्रिणीने. वजन 52. दोर ताणला जाताक्षणी खाली उभी असलेली ती हलकेच वर उडी घ्यायची, की मी अलगद थांबायचे. आधी टॉप रोपवर (दोर वरूनच बांधलेला), मग बोल्ट छातीसमोर, कमरेशी, गुडघ्याशी असताना, दर वेळी सांगून पडायचं. दिवसाला पाच-सहा वेळा, बस. पडताना श्वास सोडायचा, दोर धरायचा नाही, गुडघे वाकलेले. हात सोडण्याआधीचे दोन सेकंद पहिल्या दिवशी जीव घेतात, चौथ्या दिवशी कंटाळा आणतात. "टेक" म्हटलं की लगेच बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यावरच भीती पोसते. एवढंच मानसशास्त्र मला कळलंय. ध्यानबिन करा की, पण दर वेळी भिंतीवर आपटणारीला ध्यानाला बसवून काय होणार?

हां, हा सराव पहिल्या-दुसऱ्या बोल्टवर करू नका, जमीन गाठाल. हेल्मेट हवंच, दोर पायामागे अडकलेला नको, आणि पहिल्या खेपेला जाणतं माणूस सोबत ठेवा. भितात पुरुषही, ते "आज बोटं दुखतायत" म्हणतात.

दादा, वाचत असशील तर, त्या दिवशीचा व्हिडिओ आहे माझ्याकडे. तुझ्या टाचासुद्धा उचललेल्या नाहीत.