वर्डप्रेसमध्ये कोडने पोस्ट टाकताय? दुबार नोंदी अशा टाळा

कोड पुन्हा चालवला की त्याच पोस्ट दुसऱ्यांदा तयार होतात? घाबरू नका, सुरुवातीला बहुतेकांचं हेच होतं. पोस्ट टाकणाऱ्या ‘डब्ल्यूपी इन्सर्ट पोस्ट’ (wp_insert_post) या फंक्शनला आधीच्या पोस्टचा आयडी दिला नाही, तर ते दर वेळी नवी पोस्ट बनवतं. शीर्षक तेच असलं तरी अडवत नाही, प्रकाशित करताना फक्त स्लगला (पोस्टच्या पत्त्यातल्या नावाला) ‘-2’ जोडतं.

- मूळ डेटातला न बदलणारा क्रमांक पोस्ट मेटामध्ये (पोस्टसोबत साठवायच्या जादा माहितीत) ठेवा. टाकण्याआधी तोच शोधा. सापडला तर अपडेट, नाहीतर नवी पोस्ट. शीर्षकावरून शोधू नका, कुणी एक वेलांटी सुधारली की जुळणी गेली.
- शोधताना पोस्टचं स्टेटस ‘एनी’ (any, म्हणजे कोणतंही) द्या, नाहीतर मसुदे सुटतात.

आणि कोड ‘इनिट’ (init) हुकवर, म्हणजे वर्डप्रेस सुरू होताना कोड चालवायच्या जागी, मोकळा सोडू नका, तो प्रत्येक पान उघडताना चालतो!

लॉक, युनिक इंडेक्स हे दुबार नोंदी अडवायचे पुढचे उपाय नंतर बघू. आज पाच नोंदी घेऊन कोड दोनदा चालवा. पोस्ट पाचच राहिल्या पाहिजेत.