जर्मनीतला पहिला हिवाळा आणि गाडीचे टायर

जुनी गाडी घेतोयस, तर किमतीची घासाघीस नंतर कर, आधी खाली वाकून टायर बघ. जर्मनीत हिवाळी टायरला ठरावीक तारीख नाही. रस्त्यावर बर्फ, चिखलबर्फ किंवा गोठलेला थर असेल तर ते हवेतच. नसले तर 60 युरो दंड आणि लायसनवर एक पॉइंट. लोक साधारण ऑक्टोबर ते ईस्टर धरून चालतात, तूही तसंच कर. नोव्हेंबरात गॅरेजवाल्याची अपॉइंटमेंट मिळणं म्हणजे दिवाळीत कोकण रेल्वेचं तिकीट!

टायरच्या कडेला तीन शिखरांच्या डोंगरात हिमकणाचं चित्र हवं. नुसतं 'एम प्लस एस' (चिखल-बर्फासाठीची जुनी खूण) ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही, आणि विकणारा ते सांगेलच असं नाही. मग टायरवरच्या खाचेची खोली बघ: दोन युरोचं नाणं आत घाल, बाहेरची रुपेरी कड पूर्ण बुडाली तर साधारण 4 मिलिमीटर आहे. जर्मन कायद्याला 1.6 पुरतात, पण ओल्या बर्फावर तेवढ्यावर भरवसा ठेवू नकोस.

ऑस्ट्रियात 1 नोव्हेंबर ते 15 एप्रिल हिवाळी हवामान असेल तर हिवाळी टायर लागतात, आणि तिथे 4 मिलिमीटर हा कायदाच आहे. स्वित्झर्लंडमध्ये सक्ती नाही, पण उन्हाळी टायरवर अपघात झाला तर विमा कंपनी हात आखडता घेऊ शकते. भाड्याची गाडी घेतलीस तर हिवाळी टायर बुकिंगमध्ये लेखी मागून घे.