सेकंड हँड इलेक्ट्रिक कार घेऊन खरंच पैसे वाचतात का?
हो वाचतात, पण घरच्या पार्किंगमध्ये चार्जिंग होत असेल तरच. साधा हिशोब आहे, पेट्रोल लिटरला 100 च्या वर आणि गाडी 15 चं ॲव्हरेज देते म्हणजे किलोमीटरला 7 रुपये गेले, तेच टाटाची जुनी नेक्सॉन ईव्ही (इलेक्ट्रिक कार) विजेच्या एका युनिटवर 6-7 किमी जाते, युनिट 12 रुपये धरलं तरी 2 रुपयांत काम, शिवाय ऑइल क्लचची भानगडच नाही. बाहेरच्या फास्ट चार्जरवर मात्र बरीचशी बचत तिथेच जिरते. आणि बॅटरी वॉरंटी (जुन्या नेक्सॉन ईव्हीला 8 वर्षं किंवा 1.6 लाख किमी) किती उरलीय, दुसऱ्या मालकाला लागू होते का, हे व्यवहाराआधी लेखी घ्या, डीलरच्या तोंडी शब्दावर जाऊ नका.