एएनए पॉझिटिव्हचा निगेटिव्ह व्हायला किती महिने लागतात?

तुम्ही दोन गोष्टी विचारल्या आहेत. बावीस वर्षांच्या बहिणीचा एसजीपीटी (लिव्हर बिघडलं की रक्तात वाढणारं एन्झाइम) सहाशेच्या वर, एएनए (स्वतःच्याच पेशींविरुद्धची अँटिबॉडी) १:१६०, म्हणजे रक्त १६० पट पातळ केलं तरी दिसणारा, आणि काविळीच्या व्हायरसच्या सगळ्या तपासण्या निगेटिव्ह. अँटिबॉडी सापडलीच आहे तर डॉक्टर बायोप्सी, म्हणजे सुईने लिव्हरचा बारीक तुकडा काढून तपासणं, कशाला मागतात, ही एक. आणि लग्नाची बोलणी चालू असल्यामुळे गोळ्या घेतल्यावर एएनए निगेटिव्ह व्हायला किती महिने लागतील, ही दुसरी. मी उत्तर लिहायला बसले ते दुसरीमुळे.

आधी बायोप्सी. ऑटोइम्यून हिपॅटायटिस, म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती स्वतःच्याच लिव्हरवर उलटते तो आजार, ठरवायला डॉक्टर २००८ साली आलेली गुणांची सोपी पद्धत वापरतात. एएनए किंवा स्मूथ मसल नावाची अशीच दुसरी अँटिबॉडी १:४० ला एक गुण, १:८० किंवा जास्त असेल तर दोन. आयजीजी (रक्तातल्या अँटिबॉडींचा मुख्य प्रकार) चांगलं वाढलेलं असेल तर दोन. व्हायरस नाही म्हणून दोन. झाले सहा. सहा म्हणजे 'बहुधा आहे', पक्कं म्हणायला सात लागतात आणि तो सातवा गुण बायोप्सीतूनच येतो. म्हणजे अँटिबॉडीच्या हाती आठातले दोनच गुण आहेत. बाकी सगळं व्यवस्थित असलेल्या लोकांतही एएनए सापडतो, १:४० ला जवळपास ३० टक्के लोकांत आणि १:१६० ला सुद्धा सुमारे ५ टक्के लोकांत. फॅटी लिव्हरमध्ये सापडतो, हिपॅटायटिस सीमध्ये सापडतो, काही औषधांनी लिव्हर बिघडलं तरी सापडतो. उलट काही थोड्या पेशंटमध्ये सगळ्या अँटिबॉडी निगेटिव्ह येतात आणि आजार पूर्ण असतो. तेव्हा बायोप्सी करा. मलाही हाच आजार आहे, माझी दोनदा झाली आहे. सुई आत जाते तो एक क्षण, मग काही तास उजव्या कुशीवर पडून राहायचं.

आता दुसरा प्रश्न.

आमचं गाव घाटंजीकडचं. २०१३ च्या दिवाळीत कापूस वेचताना मला ओटी भरेपर्यंत उभं राहवत नव्हतं. वीस वर्षांची होते, बी. ए. च्या दुसऱ्या वर्षाला. आधी गुडघे, बोटांचे सांधे दुखायचे, मग लघवी चहासारखी व्हायला लागली, मग डोळे पिवळे. काविळीची माळ आणली. काडीचे बारीक तुकडे दोऱ्यात गाठी मारून ओवलेले असतात, डोक्यावर ठेवायची, आणि कावीळ उतरेल तशी माळ वाढत गळ्यात येते म्हणतात. माझी माळ पाचव्या दिवशी गळ्यात आली. ओल्या काड्या वाळून बारीक होतात आणि गाठी सैल पडतात म्हणून ती वाढते, हे मला फार नंतर कळलं. डोळे पिवळेच होते. आई कडुनिंबावरची गुळवेल आणून रोज सकाळी काढा देत होती, तेही सांगून ठेवते, कारण तुमच्या घरीही कोणी देत असेल.

तालुक्याच्या डॉक्टरांनी पहिली तपासणी सिकलसेलची केली. आमच्या भागात पोरीबाळींचे डोळे पिवळे दिसले की पहिला संशय तोच, आणि तो योग्यच आहे. ती निगेटिव्ह आली. व्हायरसचे रिपोर्ट निगेटिव्ह आले. यात दोन महिने गेले आणि संक्रांतीनंतर बाबांनी मला नागपूरला नेलं. एसजीपीटी ८६०, आयजीजी २,८०० (नॉर्मल साधारण १,६०० पर्यंत), एएनए १:१६०, स्मूथ मसल १:८०. बायोप्सीत इंटरफेस हिपॅटायटिस आणि भरपूर प्लाझ्मा पेशी, म्हणजे या आजाराच्याच खुणा. प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड) ४० मिलिग्रॅमपासून सुरू करून उतरवत आणलं, सोबत अझाथायोप्रिन (प्रतिकारशक्ती दाबणारी गोळी) ५०. चार महिन्यांत एसजीपीटी चाळीसच्या खाली आला. तोंड मात्र असं सुजलं की कॉलेजातल्या मैत्रिणींनी एसटी स्टँडवर ओळखलं नाही.

२०१५ च्या दिवाळीच्या आधी मला बघायला यायचं ठरत होतं. मोठे बाबा म्हणाले, एकदा ती मेन टेस्ट, म्हणजे एएनए, पुन्हा करून घ्या. तालुक्यातल्या कलेक्शन सेंटरवर रक्त दिलं. रिपोर्ट आला तेव्हा मोठे बाबा ओसरीवर बसले होते. त्यांना इंग्रजी येत नाही. पण आमच्या गावात सिकलसेलचे कॅम्प होऊन होऊन 'निगेटिव्ह' हा छापील शब्द म्हाताऱ्यांनाही ओळखता येतो. निगेटिव्ह म्हणजे सुटलो, जन्मभराचं उत्तर. त्यांनी त्या शब्दाखाली बोट ठेवलं आणि आईला म्हणाले, "रिपोट चोख आला नं. आता कायले चारता पोट्टीले गोया? तोंड पाय तिचं." आईने माझ्याकडे बघितलं. मी काहीच बोलले नाही. मलाही तोंड उतरायला हवं होतं.

दोन्ही गोळ्या एकाच दिवशी बंद झाल्या. नागपूरला फोन केला नाही. दोन महिन्यांत तोंड उतरलं, बघण्याचा कार्यक्रम झाला. तूर सोंगून झाली तोवर मला पुन्हा अंथरुणातून उठवेना, आणि होळीच्या आत डोळे पिवळे. एसजीपीटी १,१०० च्या वर. या वेळच्या बायोप्सीत फायब्रोसिस (लिव्हरमध्ये व्रण पडून ते कडक होणं) स्टेज ३. पहिल्यांदा तो नावाला होता. ते लग्न मोडलं ते वेगळंच.

मोठे बाबा अजून म्हणतात की रिपोर्ट तर निगेटिव्ह होता, मग बिमारी आली कुठून, नागपूरच्या गोळ्यांनीच बिघडवलं. दहा वर्षं झाली, प्रत्येक आखाडीला हा विषय निघतो. म्हणून इथे नीट लिहिते.

एएनए आणि स्मूथ मसल या अँटिबॉडी लिव्हर खात नाहीत. लिव्हरवर तुटून पडतात त्या मुख्यतः टी पेशी. अँटिबॉडी म्हणजे वावरात दिसणारे डुकराचे खोज. खोज दिसले तर रात्री जागली करायची, पीक कुठे मोडलं ते फिरून बघायचं. पाऊस पडला की खोज पुसले जातात, डुक्कर तिथेच धुऱ्यापलीकडे असतं. प्रेडनिसोलोन सुरू असताना टायटर, म्हणजे १:१६० सारखा अँटिबॉडीचा आकडा, उतरू शकतं, निगेटिव्हही होऊ शकतं, आणि काहींचं आजार शांत असूनही वर्षानुवर्षं पॉझिटिव्ह राहतं. मोठ्या माणसांत टायटरवरून आजार वाढला की घटला हे सांगता येत नाही. ते सांगतात एसजीपीटी, एसजीओटी (तसंच दुसरं एन्झाइम) आणि आयजीजी. माझ्या त्या निगेटिव्ह रिपोर्टसोबत कोणी आयजीजी केलंच नव्हतं.

आणि तो रिपोर्ट एलायझा पद्धतीचा, म्हणजे यंत्राने रंग मोजून केलेला होता. नागपूरचा इम्युनोफ्लुरोसन्सचा, म्हणजे सूक्ष्मदर्शकाखाली चमक बघून केलेला. दोन वेगळ्या पद्धतींचे रिपोर्ट शेजारी ठेवून 'कमी झालं' म्हणताच येत नाही, एलायझात काही एएनए सुटूनही जातात. रिपोर्टवर पद्धत बारीक अक्षरात छापलेली असते, ती वाचा. लिव्हरच्या अँटिबॉडींसाठी उंदराच्या लिव्हर, किडनी आणि पोटाच्या चकत्यांवर केलेली तपासणी मागा, त्यात स्मूथ मसल, एलकेएम आणि एएमए या तिन्ही अँटिबॉडी दिसतात. बहिणीची एलकेएम झाली नसेल तर जरूर करा. लहान मुलं आणि तरुण पोरींमध्ये आजाराचा दुसरा प्रकार असतो, त्यात बऱ्याचदा एएनए निगेटिव्ह आणि फक्त एलकेएम पॉझिटिव्ह. एसएलए नावाची एक अँटिबॉडी आहे, ती सहसा दुसऱ्या कोणत्या आजारात सापडत नाही, आणि ती असेल तर गोळ्या सोडल्यावर आजार उलटण्याची शक्यता जास्त. एएमए हा निराळा मामला, तो पीबीसीचा, म्हणजे लिव्हरमधल्या पित्ताच्या बारीक नळ्यांच्या आजाराचा. त्यातल्या सुमारे ९५ टक्के पेशंटमध्ये तो असतो आणि तिथे अल्कलाइन फॉस्फटेज नावाचं एन्झाइम वाढलेलं असेल तर पुष्कळदा बायोप्सीही लागत नाही. म्हणजे अँटिबॉडी निरुपयोगी आहेत असं मी म्हणत नाही. दार कोणतं हे त्या दाखवतात.

गुळवेलीबद्दल. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेऊन लिव्हर बिघडलेल्या सहा पेशंटची माहिती छापली, त्यात ऑटोइम्यूनसारखंच चित्र होतं. आयुष मंत्रालयाने त्याला हरकत घेतली. माझं मत स्पष्ट आहे: ज्याचं लिव्हर स्वतःच्याच शरीराशी भांडतंय त्याने प्रतिकारशक्ती वाढवणारं म्हणून काहीही घेऊ नये. आणि बहिणीने आधी काही काढा, चूर्ण घेतलं असेल तर डॉक्टरांना सांगा, लाजू नका, कारण औषधाने झालेला हा आजार आणि आपोआप झालेला, दोन्हींत एएनए सारखाच पॉझिटिव्ह येतो.

लग्नाचं. माझं २०१८ मध्ये झालं, फाइल समोर ठेवून. दोन घरांनी नाही म्हटलं. तिसऱ्या घरी सासूबाईंनी एकच विचारलं, मूल होईल का. मुलगी सहा वर्षांची आहे. गरोदरपणात अझाथायोप्रिन डॉक्टरांच्या सांगण्यावरून चालू होतं, बाळंतपणानंतर दर महिन्याला रक्त तपासलं, कारण आजार त्या काळात उसळतो. एएनए निगेटिव्ह व्हायची वाट बघून मुहूर्त काढू नका. एसजीपीटी आणि आयजीजी नॉर्मल होऊन टिकले की बोलणी करा, आणि पोराकडच्यांना गोळ्यांसकट सांगा.

मी डॉक्टर नाही, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मी वर लिहिलं ते मोठ्या माणसांचं. लहान मुलांत कमी टायटरलाही अर्थ असतो आणि टायटर आजाराच्या मागोमाग हलतं, तिथे त्यांच्या डॉक्टरांचंच ऐका. गोळ्या कधीच बंद होत नाहीत असंही नाही. एसजीपीटी आणि आयजीजी निदान दोन वर्षं सलग नॉर्मल राहिले तर डॉक्टर हळूहळू उतरवून बघतात, तरी बऱ्याच जणांचा आजार उलटतो. माझ्या प्रेडनिसोलोन ५ मिलिग्रॅम आणि अझाथायोप्रिन अजून चालू आहेत. महिनोन्महिने घेतलेलं प्रेडनिसोलोन एका दिवसात तोडणं हा तर वेगळाच धोका आहे, त्याचा अँटिबॉडीशी संबंध नाही.

बायोप्सी झाली की रिपोर्टसोबत तो तुकडा बसवलेला मेणाचा ब्लॉक आणि त्याच्या काचपट्ट्या मागून घ्या, नाव आणि तारीख तपासून. माझ्या पहिल्या बायोप्सीच्या आम्ही मागितल्या नव्हत्या, आणि दुसऱ्या वेळी डॉक्टरांनी आधी त्याच मागितल्या.