प्रश्न तुमचे: लांडगा-माणसं, पाप आणि प्रायश्चित्त

मागच्या अंकात युरोपातल्या वेअरवुल्फ (लांडगा होणारा माणूस) खटल्यांवर चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं आली की या वेळचं अख्खं सदर त्यालाच दिलंय. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत.

ताई, एका गेममध्ये वेअरवुल्फांचा एक कट्टर पंथ दाखवलाय. सगळे जुने पापी, पश्चात्ताप झालेले, आणि देवाची माफी मिळावी म्हणून लांडगा होऊन सैतानाच्या माणसांची शिकार करतात. असं काही खरंच होतं का? (वाचक, नाशिक)

असा संघटित पंथ, म्हणजे गुरू, दीक्षा, नियम वगैरे असलेला, इतिहासात नाही. पण "लांडगा होऊन सैतानाशी लढतो" असं भर कोर्टात सांगणारा माणूस मात्र खराखुरा होता आणि त्याची पूर्ण जबानी आज वाचता येते. त्याचं नाव थिस. गाव लिव्होनियातलं, म्हणजे आजच्या लॅटव्हियातलं, तेव्हा तिथे स्वीडनचं राज्य, जमीनदार जर्मन आणि शेतात राबणारी माणसं लॅटव्हियन. साल १६९१, थिसचं वय ऐंशीच्या पुढे.

खटला त्याच्यावर नव्हताच. चर्चमध्ये चोरी झाली होती आणि थिसला साक्षीदार म्हणून बोलावलं होतं. तो शपथ घ्यायला पुढे आला तेव्हा दुसरा एक साक्षीदार हसला. न्यायाधीशांनी विचारलं का हसलास, तर म्हणाला की हा तर वेअरवुल्फ आहे, सगळ्या गावाला माहितीय, याची शपथ काय घेता. झालं, चोरी राहिली बाजूला आणि म्हाताऱ्याची चौकशी सुरू झाली. त्याने नाकारलं असतं तर कदाचित तिथेच संपलं असतं, पण तो शांतपणे म्हणाला हो, होतो मी, दहा वर्षांपूर्वी सोडून दिलं.

मग त्याने जे सांगितलं ते मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा रात्री झोप लागली नव्हती. वर्षातून तीन रात्री, म्हणजे नाताळच्या आधीची सेंट लुसियाची रात्र, ईस्टरनंतरच्या पेंटेकॉस्ट सणाची आणि उन्हाळ्यातली सेंट जॉनची, त्याच्यासारखी माणसं लांडगा होऊन नरकात जायची. नरक कुठे? तर पलीकडच्या दलदलीपाशी जमिनीखाली. चेटूक करणारे लोक गावाचं धान्य, गुरांची बरकत, झाडांचा मोहोर चोरून नरकात नेऊन ठेवतात आणि हे लांडगे ते ओढून परत आणतात. दारावर पहारेकरी, हातात लोखंडी चाबूक. थिसचं नाक मोडलेलं होतं, ते कसं मोडलं विचारलं तर म्हणाला स्काइस्टन नावाच्या शेतकऱ्याने नरकात झाडूच्या दांड्याने मारलं, तो चेटकी होता, आता मेलाय. वेळेवर पोचलो तर पीक चांगलं येतं, उशीर झाला तर वर्ष वाया. रशियातल्या लांडग्यांची टोळी वेगळी, जर्मनांची वेगळी.

आणि मग ते वाक्य, ज्याच्यामुळे हा खटला आजही वाचला जातो. आम्ही सैतानाचे नाही, आम्ही देवाचे कुत्रे आहोत, असं तो म्हणाला. मेल्यावर आमचे आत्मे स्वर्गात जातात.

म्हणजे तुमच्या गेममधला जो भाग आहे ना, पाप आधी आणि लांडगा होणं ही त्याची फेड, तो थिसकडे नाहीच. त्याच्या मते त्याने पापच केलेलं नाही. पश्चात्ताप हवा होता तो कोर्टाला. पाद्री बुखोल्त्झ यांना मुद्दाम बोलावून आणलं, त्यांनी समजावलं की हे सैतानाचं जाळं आहे, पश्चात्ताप कर, देव माफ करेल. म्हातारा ऐकेना, उलट म्हणाला की हे मला तुमच्यापेक्षा जास्त कळतं, तुम्ही अजून तरुण आहात. मला या सगळ्या कागदांमधली ही जागा सगळ्यात मोलाची वाटते. एका बाजूला सगळी सत्ता आहे, धर्म आहे, लिहिणारा कारकून आहे, आणि दुसऱ्या बाजूला एक निरक्षर म्हातारा जो स्वतःला पापी म्हणवून घ्यायला तयार नाही.

तो थिस वेडा असेल हो. आणि कोर्टाने शिक्षा कसली दिली? छळ करून वदवून घेतलं असेल तर त्याच्या बोलण्याला काय अर्थ? (वाचक, कोल्हापूर)

वेडा आहे का हा प्रश्न न्यायाधीशांनाही पडला होता, त्यांनी चारचौघांना विचारलं, तर लोकांनी सांगितलं डोकं अगदी ठिकाणावर आहे. गावात त्याला मान होता. माणसं, गुरं आजारी पडली की लोक त्याच्याकडे यायचे, तो मीठ मंतरून द्यायचा. दहा वर्षांपूर्वी दुसऱ्या एका कोर्टात त्याने हेच सांगितलं होतं तेव्हा ते हसले आणि सोडून दिलं.

छळाचं म्हणाल तर या जबानीत तो दिसत नाही, आणि म्हणूनच ती एवढी महत्त्वाची आहे. तुलनेला जर्मनीतला पेटर स्टुम्प घ्या, बेडबुर्गचा, १५८९. त्याला छळाची यंत्रं दाखवली आणि त्याने सैतानाने दिलेला पट्टा, खून, सगळं कबूल केलं, अत्यंत क्रूरपणे मारला त्याला. त्या कबुलीत आपल्याला स्टुम्प ऐकू येतच नाही, चौकशी करणाऱ्यांच्या मनात आधीपासून जे होतं तेच ऐकू येतं. थिसच्या बाबतीत उलटं झालं, त्याची उत्तरं न्यायाधीशांच्या कुठल्याच खणात बसेनात. ते विचारतात लांडगे मांस भाजून कसं खातात, तर हा म्हणतो सळईवर भाजतो. ते विचारतात सैतानाशी करार कधी केलास, तर हा म्हणतो सैतान आमचा शत्रू आहे. आता यात विसंगती आहेत हेही सांगते, आधी म्हणतो लांडग्याचं कातडं पांघरायचो, नंतर वेगळंच काही. पण पढवलेल्या माणसाची जबानी अशी अडखळत नाही.

शिक्षा १६९२ च्या ऑक्टोबरमध्ये झाली, फटके आणि हद्दपारी. जाळलं नाही. शेजारच्या एस्टोनियात १५२७ ते १७२५ या दोनशे वर्षांत वेअरवुल्फ म्हणून ३१ जणांवर खटले झाल्याची नोंद आहे, त्यात बायका जास्त, १८.

एक गोष्ट मला सारखी खटकते. थिस जे परत आणायला जात होता ते सोनं नाही, सत्ता नाही, धान्य होतं. त्याच्या शिक्षेनंतर तीनच वर्षांनी, १६९५ ते १६९७, त्याच भागात असा भयानक दुष्काळ पडला की गावंच्या गावं रिकामी झाली. ज्या माणसांचं पोट पावसावर आणि जमीनदाराच्या मर्जीवर, त्यांना बरकत कोणीतरी चोरून नेतंय असं वाटणं मला तरी अजिबात वेडेपणाचं वाटत नाही.

मी मॉन्ट्रियलला असते. इथल्या शेजारच्या आजी सांगतात की सात वर्षं ईस्टरला चर्चमध्ये गेलं नाही तर माणूस लू-गारू होतो. मग हे पापाचं प्रकरण नाही का? (वाचक, मॉन्ट्रियल)

आहे, शंभर टक्के आहे, आणि आजींना माझा नमस्कार सांगा कारण हीच परंपरा थिसच्या अगदी उलट टोकाची आहे. फ्रेंच कॅनडातला लू-गारू म्हणजे ज्याने सात वर्षं कन्फेशन (पाद्र्यापुढे पापांची कबुली), ईस्टरचं कम्युनियन (चर्चमधला प्रसाद) काहीच केलं नाही असा माणूस. त्याची सुटका कशी, तर कोणीतरी त्याच्या अंगातून थेंबभर का होईना रक्त काढायचं की तो माणूस होतो. आणि सोडवणाऱ्याने त्याचं नाव कुणाला सांगायचं नाही असंही बऱ्याच गोष्टींत असतं. ही अट मला फार आवडते, माणूस सुधारून परत आला की गावाने त्याला तोंड दाखवायची जागा ठेवायची.

याहून जुनी गोष्ट आयर्लंडची, जेराल्ड ऑफ वेल्स या पाद्र्याने बाराव्या शतकाच्या शेवटी लिहून ठेवलेली. एक पाद्री जंगलात मुक्काम करतो, रात्री लांडगा येऊन चक्क बोलायला लागतो, घाबरू नका म्हणतो. आम्ही ऑसरीचे लोक, एका संताच्या शापामुळे दर सात वर्षांनी आमच्यातल्या एका बाई-पुरुषाला लांडगा होऊन राहावं लागतं, सात वर्षं जगलो तर परत माणूस आणि आमच्या जागी दुसरी दोघं. माझी जोडीदारीण मरायला टेकलीय, तिला शेवटचा प्रसाद द्या. पाद्री कचरतो, जनावराला प्रसाद कसा द्यायचा? तेव्हा तो लांडगा पंजाने तिचं कातडं डोक्यापासून बेंबीपर्यंत खाली ओढतो आणि आत एक म्हातारी बाई असते. पाद्री प्रसाद देतो. नंतर यावर चर्चच्या मोठ्या लोकांमध्ये चर्चा झाली असंही जेराल्ड लिहितो. शाप अख्ख्या जमातीचा आणि भोगतात आळीपाळीने दोघं, हे वाचून पोटात तुटतं. नाशिकच्या वाचकांना जे हवंय त्याच्या जवळ जाणारं काही असेल तर ते हे.

अजून एक. सन १०१० च्या आसपास वर्म्सचा बिशप बुर्खार्ट याने पाद्र्यांसाठी प्रायश्चित्तांची यादी केली होती, त्यात वेअरवुल्फ आहे! पण प्रायश्चित्त लांडगा झाल्याबद्दल नाहीच, माणूस लांडगा होऊ शकतो यावर विश्वास ठेवल्याबद्दल आहे, दहा दिवस नुसता पाव आणि पाणी. तेव्हाचं चर्च म्हणत होतं की हे खोटं आहे, मानू नका. पाचशे वर्षांनी तेच चर्च आणि त्याच्या आसपासची कोर्टं म्हणायला लागली की हे खरं आहे, जाळा.

सगळीच जाळत नव्हती म्हणा. १६०३ मध्ये बोर्डोच्या कोर्टापुढे झां ग्रेनिए नावाचा तेरा-चौदा वर्षांचा गुराखी पोरगा आला, मी लांडगा होऊन मुलं खाल्ली म्हणत. कोर्टाने त्याला मारलं नाही, जन्मभरासाठी मठात ठेवलं. तिथेच काही वर्षांत तो गेला. मला ते पोर उपाशी आणि मनाने आजारी होतं असंच वाटतं.

"कट्टर पश्चात्तापी पंथ" हा भाग तरी कुठून आला मग? (वाचक, पुणे)

तो आला असेल तर फ्लॅजेलंट लोकांवरून, म्हणजे स्वतःला चाबकाने फोडून घेत गावोगाव फिरणारे. त्यांचा लांडग्यांशी काही संबंध नाही. सुरुवात इटलीत पेरुजाला १२६० मध्ये, पण मोठी लाट प्लेगबरोबर आली, १३४८-४९ ला. साडेतेहतीस दिवसांचं व्रत, येशूच्या आयुष्याच्या वर्षांइतकं. अंघोळ नाही, बाईशी बोलणं नाही, प्रमुखाचं ऐकायचं, रोज चौकात उघड्या पाठीवर गाठी मारलेले, लोखंडी काटे लावलेले चाबूक. प्लेग ही आपल्याच पापांची शिक्षा आहे आणि आपण रक्त सांडलं तर देव थांबेल ही समजूत.

इथपर्यंत आपल्याला दया येते, पण पुढचं सांगितलंच पाहिजे. स्वतःला मारून प्लेग थांबेना तेव्हा दोष दुसऱ्यावर गेला आणि बऱ्याच ठिकाणी हे लोक ज्यूंच्या कत्तलींना चिथावणी द्यायला लागले. पोप क्लेमेंट सहावा याने १३४९ च्या ऑक्टोबरमध्ये त्यांच्यावर बंदी घातली. स्वतःच्या पापाचं ओझं घेऊन निघालेला जमाव किती पटकन दुसऱ्याचं पाप शोधायला लागतो, हे मला कुठल्याही लांडग्यापेक्षा जास्त भीतीदायक वाटतं.

देवाचे कुत्रे म्हटल्यावर मला आपले खंडोबाचे वाघ्ये आठवले. तुलना चालेल का? (वाचक, बारामती)

मलाही तेच आठवलं होतं. कुत्रा खंडोबाच्या सोबतच असतो, आणि वाघ्ये स्वतःला देवाचे कुत्रे मानून भुंकायचे, कोटंब्यात (भिक्षेच्या पात्रात) वाढलेलं कुत्र्यासारखं खायचे, कर्नाटकातल्या मैलाराला वग्गय्या हे करतात. जर्मन अभ्यासक गुंथर सोंथायमर आणि आपल्या रा. चिं. ढेरे यांनी यावर फार मन लावून लिहिलंय.

पण एकाचा दुसऱ्याशी ऐतिहासिक धागा जोडू नका, तसा पुरावा नाही. दिसतं ते एवढंच की दोन्हीकडे जनावर होणं ही शिक्षा नाही, ती चाकरी आहे. आपल्याकडे वाघ्या नवसाने वाहिलेला असतो, अंगावर भंडारा, हातात दिमडी, आणि तो हे सगळ्यांसमोर करतो, जागरणाला लोक मानाने बोलावतात. थिसला तेच अंधारात करावं लागलं आणि त्याबद्दल फटके खावे लागले. खंडोबाच्या जत्रेत कोणी पाद्री येऊन "पश्चात्ताप कर" म्हणत नाही, फरक आहे तो हा.

मला या पंथावर मराठीत कादंबरी लिहायचीय. सुरुवात कुठून करू? (वाचक, लातूर)

लिहाच. थिसची मूळ नोंद जर्मनमधली, १९२४ मध्ये पहिल्यांदा छापली गेली, आणि २०२० मध्ये कार्लो गिन्झबर्ग आणि ब्रूस लिंकन या दोन अभ्यासकांनी ती पूर्ण इंग्रजीत आणली, ती आधी वाचा. दोघांचं आपसात पटत नाही, गिन्झबर्गना त्यात फार जुनी, युरोपभर पसरलेली श्रद्धा दिसते आणि लिंकनना जर्मन मालकांपुढे उभा राहिलेला कुळवाडी दिसतो. मी लिंकनच्या बाजूची आहे, पण तुम्ही तुमचं ठरवा.

आणि एक विनंती, पंथातल्या माणसांना नुसतं रडवू नका. तुमच्या पंथात एक तरी माणूस असा ठेवा ज्याला पश्चात्ताप झालेलाच नाही, जो म्हणतो मी काय चुकलो ते आधी सांगा, आणि मग बाकीचे त्याचं काय करतात ते लिहा. लिहून झालं की पहिली तीन प्रकरणं पत्त्यावर पाठवा, मी नक्की वाचेन.